‘असतं तर’ आणि ‘हवं होतं’

क्रियापदाचे अर्थ शिकवताना संकेतार्थाला उदाहरण शोधायची वेळ माझ्यावर कधी येत नाही. पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण भारताचा सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी रेडीतल्या कुठल्याही वर्गात जा, संकेतार्थाचा नुसता ढीग पडलेला असतो. ‘आधी बॅटिंग घेतली असती तर जिंकलो असतो.’ ‘त्याला वरती पाठवला असता तर मॅच आपली होती.’ मागच्या बाकावरून अस्सल मालवणीत प्रश्न येतो, ‘तिका कित्याक बसयल्यानी?’ आणि पुढच्या बाकावरचा तज्ज्ञ सांगतो, ‘माका आदीच म्हायत होता.’

बरेच शिक्षक इथे फळ्यावर डस्टर आपटतात आणि ‘मॅच संपली, आता पुस्तकं काढा’ म्हणतात. मला ते पटत नाही. एरवी ‘तुझं मत लिही’ म्हटलं की चार ओळींवर थांबणारी मुलं इथे वीस मिनिटं मुद्दे मांडतात, एकमेकांचे मुद्दे खोडतात. असा तास आयता मिळत असताना तो घालवायचा कशाला? तक्रार एवढीच, की या वादात दोन वेगळी वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि ती वेगळी करायला मुलांना कुणी शिकवत नाही. आपण मोठेही ती वेगळी करत नाही. नाक्यावर, चहाच्या टपरीवर, घरात टीव्हीसमोर आपणही तेच करतो.

पहिलं वाक्य : आधी फलंदाजी घ्यायला हवी होती. दुसरं वाक्य : आधी फलंदाजी घेतली असती तर जिंकलो असतो. ऐकायला दोन्ही सारखीच. पहिलं विध्यर्थाच्या घरातलं आहे, ते योग्य-अयोग्य सांगतं. त्याला कारण मागता येतं, आणि ते कारण निर्णयाच्या क्षणी हाताशी असलेलं पाहिजे. दुसऱ्याला कारण मागून उपयोग नाही, कारण तो सामना कुणी खेळलेलाच नाही. पहिलं खरं असून दुसरं खोटं असू शकतं. निर्णय चुकलेला असूनही हार वेगळ्याच कारणाने झालेली असू शकते. आणि निर्णय अगदी बरोबर असूनही माणूस हरतो, हे तर खेळात रोजचं आहे.

आपल्या वयाच्या पालकांना 13 मार्च 1996 आठवत असेल. ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर श्रीलंका. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतलं. संघाबरोबर व्यवस्थापक-प्रशिक्षक म्हणून आपले अजित वाडेकर होते. श्रीलंकेच्या 251 धावा झाल्या. आपण 1 बाद 98 वरून 8 बाद 120 पर्यंत घसरलो, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. विनोद कांबळी रडत बाहेर येतानाचं चित्र अजून कुणी विसरलेलं नाही. त्या रात्रीपासून आजपर्यंत एकच वाक्य चालू आहे : आधी बॅटिंग घेतली असती तर.

आता नाणेफेकीच्या आधी काय माहीत होतं ते बघा. अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, 2 मार्चला, दिल्लीत याच श्रीलंकेविरुद्ध आपण आधी फलंदाजी केली होती. सचिनने 137 केले, आपले 271 झाले आणि श्रीलंकेने ते सहा गडी राखून पार केले. म्हणजे पाठलाग करण्यात पटाईत असलेल्या संघाला पाठलाग करू द्यायचा नाही, हा विचार काही वेडेपणाचा नव्हता. शिवाय कोलकात्यात पहिल्याच षटकात श्रीनाथने जयसूर्या आणि कालुविथरणा दोघांनाही काढलं, 2 बाद 1! तेव्हा नाणेफेकीचा निर्णय चुकला असं म्हणणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात सापडला नसता. निर्णय तोच होता. पहिल्या षटकात तो हुशारीचा ठरला आणि रात्री मूर्खपणाचा.

याचा अर्थ टीका करूच नये असा नाही. खेळपट्टी नवी आहे, संध्याकाळनंतर ती फुटणार, असं कुणी नाणेफेकीच्या आधी बघून म्हटलं असेल तर त्याचा मुद्दा ऐकलाच पाहिजे. त्याच्याकडे कारण आहे आणि ते वेळेवर आहे. आपला तज्ज्ञ मात्र 8 बाद 120 झाल्यावर जागा होतो.

राहुल द्रविडच्या बाबतीत तर एकाच चालीचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवता येतात. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबाद. चौथा गडी गेल्यावर सूर्यकुमारच्या आधी डावखुरा जडेजा आला, त्याने 22 चेंडूंत 9 केले, आपण हरलो. ‘सूर्याला मागे ठेवलाच का?’ यावर महिनाभर चर्चा. मग 29 जून 2024, बार्बाडोस. 3 बाद 34 असताना डावखुरा अक्षर पटेल वरती आला, 31 चेंडूंत 47 केले, आपण सात धावांनी जिंकलो. प्रशिक्षक तोच आणि डावखुऱ्याला वर पाठवायची युक्तीही साधारण तीच. दुसऱ्या वेळी तिला ‘मास्टरस्ट्रोक’ म्हणाले. कर्णधार रोहित होता, निर्णयात त्याचाही वाटा असणारच, पण हरल्यावर आपल्याला एकच गळा लागतो.

वर्गात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते 2025 च्या महिला विश्वचषकाचं प्रकरण, कारण त्यात सगळी मुलं आणि मुख्य म्हणजे मुलीही बुडालेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये आपण लागोपाठ तीन सामने हरलो. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेच्या नादिन डी क्लर्कने 54 चेंडूंत नाबाद 84 मारून सामना ओढून नेला. तीन दिवसांनी तिथेच आपण 330 केले आणि ऑस्ट्रेलियाने तेही पार केले. मग ठरलं, की पाच गोलंदाज पुरत नाहीत, सहावा पाहिजे. टीव्हीवरचे जाणकार तेच म्हणत होते, रेडीचा नाकाही तेच म्हणत होता. 19 ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध तेच केलं : रेणुका सिंगला घेतलं आणि जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं. आपण चार धावांनी हरलो. स्मृतीचे 88, हरमनप्रीतचे 70, दीप्तीचे 50, तरी चार कमी पडले.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं विचारत होती, जेमिमाला काढलीच कशाला? गोलंदाज वाढवायचा तर अकरातलं कुणीतरी बाहेर बसणार. ‘सहावा हवा’ म्हणताना ‘कुणाला बसवायचं’ हे कुणीच बोललं नव्हतं. त्याआधीच्या चार डावांत जेमिमाने 0, 32, 0 आणि 33 केले होते, म्हणजे तिला बसवण्याला कारणही होतं. ते पुरेसं होतं का, यावर भांडा की! तो खरा वाद आहे. माझं विचाराल तर, तिच्या क्षेत्ररक्षणाची किंमत धावांच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून मी तिला बसवलं नसतं. पण हे मी इंदूरच्या आधी कुठे म्हटलं होतं?

प्रशिक्षक अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा, पण भारताकडून एकही सामना नाही. त्या आठवड्यात ‘जो कधी खेळलोच नाय तेका काय समाजता’ असंही आमच्याकडे ऐकलं. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 30 ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर आली. आपल्याला तिसरं जायचं आहे हे तिला आत उतरण्याच्या पाचेक मिनिटं आधी कळलं, असं तिनेच नंतर सांगितलं. नाबाद 127 आणि 339 चा पाठलाग. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात हरमनप्रीतने शेफालीच्या हाती चेंडू दिला. शेफाली मूळची फलंदाज, आणि मूळ संघात नव्हतीच. प्रतिकाला दुखापत झाली म्हणून आलेली. तिने लूस आणि काप यांना बाद केलं, आपण 52 धावांनी जिंकलो आणि मुजुमदार एकदम थोर झाले.

इथे मी मुलांना उलटा प्रश्न विचारला : शेफालीच्या त्या षटकात वीस धावा गेल्या असत्या तर तुम्ही काय म्हणाला असता? वर्ग हसला, मग गप्प झाला. जिंकल्यावरचं कौतुकही तितकंच बिनबुडाचं असू शकतं, हे हरल्यावरच्या टीकेपेक्षा पचायला जड जातं.

(जाता जाता : मुजुमदार हे आचरेकर सरांचे विद्यार्थी आणि आचरेकर सर आपल्या मालवणचे. फेब्रुवारी 1988 मध्ये सचिन-कांबळीने 664 धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा म्हणजे अमोल. डाव घोषित करा म्हणून सरांचे निरोप येत होते आणि ही दोन कार्टी तिकडे बघायलाच तयार नव्हती. ती गोष्ट आपण हसत सांगतो, कारण शारदाश्रम तो सामना जिंकली. सामना अनिर्णित राहिला असता तर हीच गोष्ट शिस्तीच्या धड्यात घातली असती.)

पण हे सगळं टीव्हीवरचं. द्रविडला किंवा मुजुमदारांना आमच्या नाक्यावरचं काही ऐकू जात नाही. शाळेच्या मैदानावर मात्र सगळं ऐकू जातं, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहितोय.

तालुक्याच्या एका शालेय कबड्डी सामन्यात, शाळा कुठली ते सोडा, शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना सरांनी मुख्य चढाईपटूला बाहेर घेतलं आणि राखीव मुलाला आत पाठवलं. त्याची दुसरी की तिसरी चढाई पकडली गेली, संघ दोन गुणांनी हरला. मैदानाच्या कडेला पालक उभे होते. ‘आमच्या झिलाक काढलो नसतो तर जिंकलेले.’ हे मोठ्याने, सगळ्यांसमोर. सरांना कारण विचारायला कुणी गेलं नाही. मुख्य चढाईपटूचा घोटा आधीच्या डावात मुरगळला होता, आणि ‘खेळतो सर’ म्हणत तो तसाच खेळत होता. सरांनी ते बघितलं होतं, कडेच्या लोकांना दिसलं नव्हतं.

सरांना बोल लागले, ते मोठे आहेत, सहन करतील. तरी पुढच्या वर्षी संघ न्यायला कोण तयार, असं विचारल्यावर शिक्षकांच्या खोलीत सगळे वह्या तपासायला लागतात, त्यामागे हेच आहे. बाहेर काढलेला मुलगा ‘माझ्याशिवाय हे हरतात’ एवढं शिकून घरी गेला, घोटा सुजलेलाच. आणि मला राहून राहून आठवतो तो तिसरा, आत पाठवलेला. त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. सर म्हणाले जा, तो गेला. ‘याला काढलं नसतं तर’ या वाक्यात त्याचं नावसुद्धा नाही, पण वाक्य सगळं त्याच्यावरच आहे. अशी मुलं पुढच्या वर्षी निवडीला येत नाहीत, आणि का येत नाहीत हे कुणी विचारत नाही.

पालकहो, प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही. उलट, विचारा. दुखापत झालेल्या मुलाला खेळवलं असेल तर जरूर जाब विचारा, दरवर्षी त्याच चार मुलांना संधी मिळत असेल तर विचारा. ही पहिल्या प्रकारची वाक्यं आहेत, त्यांना कारण द्यावंच लागेल, आणि शिक्षकाने ते द्यावं. ते शिक्षकाला बाजूला घेऊन, मुलांच्या माघारी विचारलं तर त्याचं उत्तरही नीट मिळतं. ‘तर जिंकलो असतो’ एवढं शेपूट मात्र कापून टाका.

हेच शेपूट दहावीच्या निकालालाही असतं. ‘सेमी इंग्लिशला घातलं नसतं तर’, ‘वेंगुर्ल्याच्या क्लासला पाठवलं असतं तर नव्वद पडले असते’. मुलगा शेजारच्या खोलीत असतो, ऐकत असतो.

वर्गात मी करतो ते अगदी साधं आहे. मोठा सामना असला की आदल्या दिवशी वहीत दोन वाक्यं लिहायची : मी प्रशिक्षक असतो तर काय केलं असतं, आणि का. ‘का’ नसेल तर गुण नाहीत. तारीख घालायची. सामन्यानंतर ती वाक्यं खोडायची नाहीत, वाढवायची नाहीत. हरल्यावर ज्याला वाद घालायचा आहे त्याने वही उघडून घालायचा. ‘आदीच म्हायत होता’ म्हणणारे यामुळे फार कमी झाले, हे कबूल करायला हवं. वाद मात्र कमी झाले नाहीत, लांबले. कारण आता दोन्हीकडे कारणं असतात.

2025 ला इंग्लंडचा सामना दिवाळीच्या सुट्टीत आला, म्हणून तो गृहपाठच होता. सुट्टीनंतर वह्या आल्या. आठवीतल्या एका मुलीने 18 तारखेला लिहिलं होतं : ‘मी जेमिमाला बसवीन, कारण चार मॅचमध्ये ती दोनदा शून्यावर आउट झाली आणि आपल्याला एक बोलर कमी पडतो.’ उपांत्य सामन्यानंतर तिने त्या ओळीवर इतक्या जोरात काट मारली होती की पान फाटलं होतं. पाठीमागून प्रकाशात धरून ती ओळ वाचली आणि दहापैकी नऊ दिले. एक गुण काट मारल्याबद्दल कापला.