वीज सगळ्यांची, पिन कोणाची?

गेल्या मे महिन्यात माझा भाचा भर दुपारी दारात येऊन उभा राहिला. घामाने नुसता निथळत होता. मागे त्याची इलेक्ट्रिक स्कूटर. दिघोरीपासून हुडकेश्वरपर्यंत ती ढकलत आणली होती त्याने. नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही (पुण्याकडची मंडळी, तुम्हीच!) त्यांना सांगून कळायचं नाही. पायरीवर बसला, दोन तांबे पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "मावशी, चार्जर समोर होता. लाइन पण होती. अन् मी ढकलत आलो बाप्पा!"

झालं होतं असं. उमरेडहून निघून शहरात चार कामं करेस्तोवर बॅटरी दहा टक्क्यांवर आली. दिघोरीला एका दुकानासमोर फास्ट चार्जर दिसला, पण तो दुसऱ्या कंपनीचा. त्याची पिन याच्या स्कूटरला बसत नाही. भाचा हुशार. त्याने आधीच इंटरनेटवरून एक ॲडॅप्टर मागवून डिकीत ठेवला होता. एका बाजूला त्यांची पिन, दुसऱ्या बाजूला याची. लावला. चार-पाच मिनिटं छान चाललं. मग जळका वास आला. ॲडॅप्टर मऊ पडला होता आणि स्कूटरचं चार्जिंगचं तोंड आतून काळं झालं होतं. गाडी बंद. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ॲडॅप्टर पाहिला आणि सांगितलं, बाहेरची वस्तू लावली, वॉरंटी संपली. दुरुस्तीचा सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला आणि गाडी पंधरा दिवस तिथेच पडून राहिली.

घरात सगळ्यांनी त्यालाच बोल लावला. "कोणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला?" मीही बोलले, खोटं कशाला सांगू! पण रात्री गच्चीवर पडल्यापडल्या मनात आलं, आपण चुकीच्या पोराला कोपऱ्यात उभं केलं. ॲडॅप्टर लावणं ही त्याची चूक खरीच. पण ॲडॅप्टर लावायची वेळ त्याच्यावर का यावी? पेट्रोल पंपावर जाताना कोणी आपली नळी घरून नेतं का?

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, वीज नाही. पण या निमित्ताने बरंच वाचलं, दोघा-तिघा जाणत्यांना पिडलं, आणि जे समजलं ते वर्गात सांगितल्यासारखं सांगते. घरच्या सॉकेटमधून येणारी वीज एसी. बॅटरीला लागते डीसी. हळू चार्जिंगमध्ये घरची वीज एका चार्जरमधून जाते (कधी तो गाडीतच असतो, कधी हातात धरायचा डबा), आणि तो तिची डीसी करून बेताबेताने बॅटरीला पाजतो. फास्ट चार्जरमध्ये ते काम बाहेरच्या मोठ्या पेटीत होतं आणि डीसी थेट बॅटरीत जाते, तीही भरपूर. म्हणून त्याआधी गाडी आणि चार्जर यांचं आपसात बोलणं व्हावं लागतं. किती व्होल्ट चालतील, किती अँपिअर दे, आता तापलंय, कमी कर, आता थांब. हे बोलणं तारांतूनच चालतं. सगळ्या चार्जरांची भाषा मात्र एक नाही. मोटारींच्या सीसीएस पद्धतीची भाषा वेगळी, चीनच्या जीबी/टी पद्धतीची वेगळी. भाषा एकच असेल तर साधा धातूचा ॲडॅप्टर पुरतो. वेगळी असेल तर ॲडॅप्टरच्या पोटात दुभाष्या बसवावा लागतो. आणि दोन्हीकडे, एवढा प्रवाह सोसेल असं तांबं आणि न वितळणारं प्लॅस्टिक लागतं. बाजारातल्या स्वस्त ॲडॅप्टरमध्ये यातलं काय असतं हे वरून बघून तुम्हाआम्हाला कळत नाही. गिझरची मोठी पिन कन्व्हर्जन प्लग लावून पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये घुसवणारे आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेले. त्या काळ्या पडलेल्या सॉकेटचीच ही मोठी बहीण.

आता कोणी म्हणेल, मावशी, चांगल्या कंपनीचा अधिकृत ॲडॅप्टर असला म्हणजे झालं. तर अमेरिकेकडे बघू. तिथे माझी पुतणी असते आणि तिच्या गाडीच्या डिकीत असा अधिकृत ॲडॅप्टर कायम असतो. तिथे टेस्लाची पिन एक आणि बाकीच्यांची दुसरी असं दहा-बारा वर्षं चाललं. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपली पिन सर्वांसाठी खुली केली, मे २०२३ मध्ये फोर्डने ती स्वीकारायचं ठरवलं, जूनमध्ये जनरल मोटर्सने, मग हळूहळू बाकीचे. २०२४ पासून फोर्डवाले ॲडॅप्टर लावून टेस्लाच्या चार्जरवर जाऊ लागले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फोर्डने आपल्या गिऱ्हाइकांना कळवलं की काही ॲडॅप्टर वापरणं थांबवा, त्यांनी गाडीचं तोंड बिघडू शकतं, आम्ही बदलून देतो. एवढ्या मोठ्या कंपनीने स्वतः दिलेल्या ॲडॅप्टरची ही गत, तर ऑनलाइन मागवलेल्याची काय कथा!

शिवाय पिन बसली म्हणजे सगळं बसलं असं नाही. टेस्लाच्या चार्जरची तार त्यांच्याच गाडीच्या मापाने आखूड ठेवलेली. दुसऱ्या गाडीचं तोंड भलत्या कोपऱ्यात असलं की ती आडवी लावावी लागते, दोन जागा अडतात, आणि मागचा माणूस शिव्या देतो. काही गाड्यांची बॅटरी आठशे व्होल्टची, आणि तिथले बरेच चार्जर पाचशेच्या आसपास थांबणारे. म्हणजे वीज मिळते, पण वेग मिळत नाही.

युरोपने हा घोळ होऊच दिला नाही. २०१४ च्या त्यांच्या नियमाने सार्वजनिक फास्ट चार्जरवर सीसीएस-२ ही पिन असलीच पाहिजे असं ठरलं. टेस्लालाही तिथे तीच पिन घ्यावी लागली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाने नेदरलँड्समधले काही चार्जर इतर गाड्यांना खुले केले, तेव्हा कोणाला ॲडॅप्टर शोधावा लागला नाही. कंपनी तीच, गाड्या त्याच. फरक एवढाच की एका ठिकाणी सरकारने आधी ठरवलं आणि दुसरीकडे कंपन्यांवर सोडलं.

आणि आपण? नागपूरकरांनी तर या बाबतीत कान टवकारायला हवेत, कारण सुरुवात आपल्याच गावात झाली. २६ मे २०१७ ला ओला आणि महिंद्र यांचा विजेच्या टॅक्सींचा प्रकल्प नागपुरात सुरू झाला. गडकरी होते, फडणवीस होते, पेपरात मोठमोठे फोटो आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पेट्रोल पंपावरचं देशातलं पहिलं चार्जिंग स्टेशनही नागपुरातच झालं. पुढच्याच वर्षी टॅक्सीवाले चार्जिंगच्या रांगांना कंटाळल्याच्या बातम्या आल्या.

त्या सुमारास सरकारने 'भारत डीसी-००१' असं चार्जरचं मानक काढलं होतं. पंधरा किलोवॅटचं, जीबी/टी पिनचं, आणि तेव्हाच्या कमी व्होल्टच्या गाड्यांच्या मापाचं. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आली ती तीनशेच्या वर व्होल्ट आणि सीसीएस-२ पिन घेऊन. तिला त्या चार्जरचा उपयोग नाही. इथे ॲडॅप्टरही कामाचा नाही, कारण प्रश्न पिनेचा राहिलाच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने सांगितलं, प्रत्येक सार्वजनिक स्टेशनवर पाची प्रकारचे चार्जर ठेवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं, तुम्हाला हवे ते ठेवा. पोराने गणित दोनदा चुकवलं तर आपण त्याला पायरी-पायरीने सोडवायला लावतो. सरकारला कोण लावणार?

मोटारींचं नशीब बरं. सगळ्या मोठ्या कंपन्या सीसीएस-२ वर आल्या आणि घोळ बराचसा निस्तरला. पण आपल्या देशात मोटारी किती आणि दुचाक्या किती? दुचाकीवाला अजून त्याच चक्रात आहे. त्यातली एक गोष्ट चांगली घडली. एथर कंपनीने स्वतः बनवलेला प्लग २०२१ मध्ये इतरांना देऊ केला, २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याला मान्यता दिली, आणि हीरोच्या विडाने तो घेतला. आपल्याच देशात, आपल्या दुचाक्यांसाठी बनलेला प्लग. एक कंपनी स्वतःहून दार उघडते हे कौतुकाचंच. पण मानक मान्य झालं, सक्तीचं झालं नाही. ज्यांना घ्यायचं त्यांनी घेतलं, बाकीच्यांनी आपापले रस्ते धरले. त्या रस्त्यांमधल्या फटीत माझा भाचा अडकला.

आमचे व्याही या बाबतीत माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, "बाई, ज्याने पैसे घालून चार्जर उभा केला त्याने आपल्या गिऱ्हाइकाला आधी पाहिलं तर बिघडलं काय?" काहीच बिघडलं नाही. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाकडून चार पैसे जास्त घ्या. अमेरिकेत टेस्ला घेतेच. पण दर जास्त लावणं वेगळं आणि दाराला आपल्याच घरच्या किल्लीचं कुलूप लावणं वेगळं. आणि पैसे फक्त त्यांचे आहेत का? फेम योजनेत विजेच्या दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे पंधरा हजार रुपये अनुदान होतं, १ जून २०२३ पासून ते दहा हजार झालं. मार्च २०२३ मध्ये तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले. हा पैसा तुमचा-माझा. आणि कोराडी-खापरखेड्याला कोळसा जळून जी राख उडते, ती काय कंपनी बघून पडते? राख सगळ्यांच्या वाट्याला आणि पिन मात्र एकट्याची, हा न्याय मला पटत नाही.

व्याह्यांचा दुसरा मुद्दा, "स्पर्धा होऊ द्या, चांगला प्लग आपोआप जिंकेल." इथे मात्र माझ्यातली इतिहासाची बाई जागी होते. आपल्या नागपूरला मुंबईकडून मोठी रेल्वे १८६७ मध्ये आली. नागभीडची गाडी आली १९०८ मध्ये, अडीच फुटी रुळांची. तेव्हा स्वस्तात झालं असेल. पण जिथे दोन मापांचे रूळ भेटतात तिथे प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागतं. तेव्हाचा ॲडॅप्टर म्हणजे हमालाची पाठ. देशभर एक माप करायचं १९९२ मध्ये ठरलं आणि इतवारीहून सुटणारी नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, मोठे रूळ टाकण्यासाठी. उमरेडला माहेर असलेल्या माझ्यासारखीला त्या गाडीची माया आहे, डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण हिशेब हिशेब आहे. सुरुवातीला माप ठरवलं नाही त्याची किंमत एकशे अकरा वर्षं मोजली. चुकीचं माप आपोआप हरत नाही, ते जमिनीत रुतून बसतं.

मोबाइलचंही तेच. नोकियाची जाड पिन, नोकियाची बारीक पिन, बाकीच्यांच्या आणखी पाच. आमच्या ड्रॉवरमध्ये अजून ते जाळं आहे. युरोपने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या मोबाइलला टाइप-सी सक्तीची झाली. त्याने कोणती कंपनी बुडाली? एकही नाही.

तर माझं मागणं फार मोठं नाही. ज्या चार्जरला सरकारचा एक रुपया किंवा एक फूट जागा मिळाली, त्यावर दुचाकीसाठी मानक ब्युरोचा मान्य प्लग असलाच पाहिजे. कंपनीची स्वतःची पिन हवी तर शेजारी लावा. जुन्या गाड्यांसाठी ॲडॅप्टर लागणारच, तर तो गाडी बनवणाऱ्यानेच द्यावा, तपासून, शिक्क्यानिशी, आणि त्याने वॉरंटी जाणार नाही असं लिहून. शोरूममध्ये गाडी विकतानाच मराठीत सांगावं की ही गाडी कुठे चार्ज होते आणि कुठे नाही. आणि पैसे घ्यायला साधा यूपीआयचा कोड लावा. आमच्या जावयांच्या मोबाइलमध्ये चार्जिंगची सहा ॲप आहेत आणि प्रत्येकात शंभर-दोनशे रुपये अडकलेले. भाजीवाली जे करू शकते ते कोटींच्या कंपन्यांना जमू नये?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये समृद्धीवर विजेच्या मोटारींचा टोल माफ केला, छान केलं. नव्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय, तेही छान. पण पंचवीस किलोमीटरवर विहीर असून तिच्या रहाटाला आपला पोहराच लागत नसेल, तर ती विहीर तहानलेल्याला लांबूनच दाखवायची.

तोवर भाचेकंपनी, तुम्हाला मावशीचं ऐकावं लागेल. फास्ट चार्जरला बाजारातला ॲडॅप्टर लावायचा नाही. गाडी अडली तर मला फोन करायचा. पोर्चमध्ये अर्थिंगवालं सोळा अँपिअरचं सॉकेट मी मुद्दाम बसवून घेतलंय. हळूच चार्ज होते, तीन-चार तास लागतात. तोवर जेवून घ्यायचं, पंख्याखाली एक झोप काढायची. आमच्याकडे कोणत्याही कंपनीची गाडी चालते.