वणवा 'लागतो' म्हणे!

मराठी भाषेवर माझं मनापासून प्रेम आहे. पण तिच्यातल्या एका क्रियापदाशी माझं हाडवैर आहे. ते म्हणजे 'लागणे'. भूक लागते, झोप लागते, उचकी लागते, ठेच लागते. नशिबात असेल तर लॉटरीही लागते. या सगळ्यांत एक मोठी सोय आहे. करणारा कुणी नसतो, त्यामुळे जाब कुणालाच द्यावा लागत नाही. याच रांगेत आपण सर्वांनी मिळून वणव्याला मागच्या दाराने घुसवलं आहे. 'डोंगराला वणवा लागला' असं आपण म्हणतो. जसा काही डोंगर रात्री उघड्यावर झोपला आणि त्याला गार वारा लागला!

परवा मार्चमधल्या एका रात्री गच्चीवर गेलो, तर पन्हाळ्याच्या बाजूला डोंगरावर लाल रेघ सरकत होती. शेजारचे नाना म्हणाले, "काय देखणं दिसतंय हो! दिवाळीची माळच सोडलीया जणू."

"नाना, कुणीतरी काडी लावलीय तिथं."

"छे हो! ऊन किती कडक हाय. लागला असंल वणवा."

त्या वेळी रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

आमच्या घरात मात्र या दिवसांत वेगळाच उद्योग चालतो. बाहेर धूर, दोरीवरच्या कपड्यांवर पाचटाची काळी कुसळं, म्हणून खिडक्या बंद. आत पंखा फुल स्पीडवर, आणि त्याखाली आमची ही मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन स्वेटर विणत असते. कोल्हापुरात, मार्चमध्ये, स्वेटर! पहिल्या वर्षी मी घाबरून डॉक्टरांना फोन करणार होतो.

याचं मूळ माझ्या मेहुणीत आहे. ती कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. 9 सप्टेंबर 2020 रोजी तिकडच्या वणव्यांच्या धुराने भर दिवसा आकाश नारिंगी झालं होतं. दारं-खिडक्या लावून घरात कोंडून घेतलेल्या मेहुणीने तेव्हा विणकाम सुरू केलं. त्यानंतर दोघी बहिणी फोन स्पीकरवर टाकून, सात समुद्रांच्या दोन्ही बाजूंना, एक सुलट एक उलट करत बसतात. एकदा ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे फायर सीझन कधी असतो गं?"

सीझन! कोल्हापूरकराला हंगाम म्हटलं की एकच ठाऊक, साखर कारखान्याचा. त्यानंतर आंब्याचा. वणव्यालाही हंगाम असतो, हे मान्य करणं म्हणजे खिसेकापूंनाही जत्रेचा हंगाम असतो म्हणून त्यांना मंडप घालून देण्यासारखं आहे. तिकडे 2020च्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा पडून कितीतरी आगी लागल्या. तिथे 'लागल्या' हे क्रियापद मी एकवेळ चालवून घेईन. पण आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र आकाशातून वीज कुठून पडणार? इथे पडते ती काडी. कुणी बांध पेटवून घरी जेवायला जातो, कुणी शिकारीसाठी रान उठवतो, कुणी पर्यटक मसाई पठारावर बिडी-सिगारेट ओढून थोटूक फेकतो. आणि बरेच जण 'जाळलं की गवत जोमानं येतं' या वाडवडिलांच्या अर्थशास्त्रापायी डोंगरच पेटवतात.

मी बी. कॉम. आहे. डेबिटशिवाय क्रेडिट नसतं, एवढं मला शिकवलेलं आहे. हे अर्थशास्त्र मी मांडून पाहिलं. जमेला काय? वाळकं गवत जळाल्यामुळे कोवळे कोंब लवकर दिसतात. आता खर्चाची बाजू. मे महिन्यात गुरांना लागणारी वैरण जळाली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी गेली. वीतभर वाढलेली झाडांची रोपं गेली. वर उघडा पडलेला उतार जूनच्या पहिल्या वळवाला सापडतो, आणि राखेतलं थोडंफार खतही मातीबरोबर ओढ्यात. ज्या खात्यात दोन रुपये भरून शंभर काढले जातात, त्या खातेदाराला आमच्या बँकेत दारही उघडत नाहीत.

माझी ही मतं आधी पुस्तकी होती. ती जमिनीवर आली मेहुणीमुळेच. तिला हाताने कातलेली दख्खनी मेंढीची लोकर हवी होती. तिकडे म्हणे तिचं फार कौतुक. मी वडिलांची शाळेतली टकळी शोधून काढली. 1937च्या वर्धा योजनेनंतर अनेक शाळांत सूतकताई आली, त्या काळाची ती आठवण. दख्खनी लोकर आखूड आणि राठ. तासाभरात माझ्या हाती वीतभर धागा आणि अंगभर केस आले. शेवटी पट्टणकोडोलीच्या बाजूला एक मेंढपाळ मामा गाठले. माझी तक्रार पाच मिनिटं ऐकून ते म्हणाले, "सायेब, टकळी हाताची चालवायची, तोंडाची न्हवं."

स्वतः ते बोलता बोलता, मेंढरांवर लक्ष ठेवत, न बघता कातत होते. हे सूत खड्डामागावर जातं, चिंचोक्याची खळ बसते, तेव्हा त्याची घोंगडी होते. मी वणव्याचा विषय काढला. 'धनगरच जाळतात म्हणे,' हे गावात ऐकलेलं वाक्यही भीतभीत बोललो. मामा हसले. "जाळणारं असतील आमच्यातबी कोन कोन. खोटं कशाला बोलू? पर सायेब, मेंढरू गवत खातंय, त्या गवताची लोकर हुतीया. समदा डोंगर जाळल्यावर काय राख कातायची व्हय?"

एवढं सरळ वाक्य मी बँकेच्या एकाही परिपत्रकात वाचलेलं नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात एक प्रयोग केला. बाजारातल्या 'लोकरी'चा म्हणजे ॲक्रिलिकचा तुकडा गॅसवर धरला. भडकला, वितळला, गोळा होऊन चटका देऊन गेला. मामांची लोकर धरली. केस जळल्याचा वास आला, आणि ज्योतीतून बाहेर काढताच विझली. डोंगरावरच्या गवतातून आलेली वस्तू पेटायला इतकी नाखूश असते. पेटवायची हौस असते ती आपल्याला.

वन खातं थंडीपासून जाळरेषा काढतं. वणवा त्या ओलांडतो. गावची पोरं ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. राखीव जंगलात आग लावणं 1927च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. पण आगीची नोंद बहुधा 'अज्ञात इसमा'च्या नावे होते. ज्या रकमेचा मालक सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. मात्र वर्षअखेर साहेब त्या खात्याचा हिशेब मागतो. डोंगराचं सस्पेन्स खातं पिढ्यान्‌पिढ्या वाढतंय, आणि हिशेब मागणारे आपण गच्चीवरून माळ बघतोय. निदान बोलताना तरी वणवा 'लावला' म्हणा. पुढचा प्रश्न, 'कुणी?', आपोआप येतो.

हे सगळं मी त्या रात्री हिला तावातावाने सांगत होतो. चहा ठेवायला जाताना तिने विणकाम माझ्या हातात दिलं होतं. परत आल्यावर तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"इथला टाका काय झाला?"

"सुटला," मी म्हटलं.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सुटला?"

मी खाली मान घालून म्हणालो, "सोडला. मी."

मग तिने चार ओळी उसवायला घेतल्या, आणि गुंडा गुंडाळायला मला बसवलं.