उत्तर आधीच छापलेला प्रश्न

मालेगाव-भिवंडीच्या उर्दू शाळांतल्या वह्यांत 'व्हेअर ही इज गोइंग?' हे वाक्य हमखास सापडते आणि त्यावर लाल शाई फिरते. ती फिरवण्याआधी मुलाला काय जमले आहे, ते पाहावे. 'वो कहाँ जा रहा है?' असे विचारताना उर्दूत 'कहाँ' क्रियापदाला खेटूनच बसतो. विधानाचा क्रम हलत नाही. (मराठीचेही तेच.) इंग्रजीत मात्र प्रश्नशब्द वाक्याच्या तोंडाशी आणायचा आणि साहाय्यकारी क्रियापद कर्त्याच्या आधी न्यायचे. पहिले काम या मुलाने केले आहे, दुसरे व्हायचे आहे. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, अशी लहान मुलेही कित्येकदा याच टप्प्यावरून पुढे जातात.

अडचण वाढते ती शिकवण्याच्या रीतीने. 'क्या वो स्कूल जाता है?' या वाक्यात 'क्या'च्या जागी 'डज' ठेवा, असे सांगितले की वाक्य झटपट सुटते. पण 'वो कहाँ रहता है?' यात 'क्या' आहेच कुठे? मग मूल 'डज' कशाला आणेल? ते 'व्हेअर ही लिव्ज?' लिहिते आणि शिकवलेला नियमच पाळते. शिवाय 'वो क्या खाता है?' मधला 'क्या' निराळा, तो वस्तू विचारतो. हा फरक फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहून दाखवलाच पाहिजे.

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीपर्यंत मुलाने स्वतःला काही हवे म्हणून इंग्रजीत किती प्रश्न विचारलेले असतात? सराव होतो तो अधोरेखित भाग उत्तर येईल असा प्रश्न तयार करण्याचा. उत्तर समोर छापलेले. कोणालाच काही जाणून घ्यायचे नाही.

तासाची पहिली दहा मिनिटे मुलांनी एकमेकांना विचारावे. यंत्रमागावर जाणाऱ्याच्या मुलाला कोणी 'व्हेन युअर फादर कम्स होम?' विचारले, तर शिक्षकांनी 'व्हेन डज युअर फादर कम होम?' असे म्हणत तोच प्रश्न पुढच्या मुलाला विचारावा. गुण कापू नयेत. पुढे हेच मूल 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' म्हणेल. तेव्हाही रागावू नये: क्रम उलटायला ते शिकले आहे, कुठे उलटायचा नाही एवढेच शिकायचे राहिले आहे.