राख कोण टाकणार?

कुंभकोणमच्या आसपासच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांना पाण्याचा नको, कोरडा संडास हवा, असे म्हटले की पहिला आक्षेप वासाचा येतो. दुसरा येतो धुण्याचा. तिसरा, आणि खरा, जातीचा. पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्याला सोपे उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो कोरड्या संडासाचा कितीही मोठा पुरस्कर्ता असो.

आधी जागा पाहू. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात राहिलेला हा मुलूख, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेल्या सर टी. माधवरावांचे जन्मगाव, पण मराठी वाचकाने डोळ्यांपुढे आणायचा तो इथला चिखल. सभोवार भाताची खाचरे, पाटांचे जाळे, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाने तुडुंब झालेली जमीन. शोषखड्ड्याचा तळ भूजलापासून निदान दोन मीटर वर असावा असा संकेत आहे. भातपट्ट्यात पावसाळ्यात हे दोन मीटर आणायचे कुठून? खड्ड्यात पाणी शिरते, खड्ड्यातले पाण्यात मिसळते, आणि शाळेचा हातपंप त्याच अंगणात असतो. मुलांच्या पोटात जंत होतात ते काही दैवाने नव्हे.

कोरडा संडास जमिनीच्या वर बांधतात. खाली शेजारी शेजारी दोन बंदिस्त कप्पे, वर भांडे. भांड्याचा पुढचा भाग मूत्र नळीने डब्यात नेतो, मागच्या भोकातून मैला कप्प्यात पडतो, आणि त्यावर दर वेळी राख पडते. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. दुर्गंधी येते ती मैला आणि मूत्र एकत्र कुजल्याने. दोन्ही वेगळे ठेवले आणि वर राख पडत राहिली तर नाक मुरडावे असे फारसे काही उरत नाही. आणि धुण्याचे? आपली माणसे पाणी वापरणार, हे गृहीत धरूनच आपल्याकडची भांडी बनली आहेत. धुण्याची जागा वेगळी असते, ते पाणी कर्दळी-केळीच्या वाफ्यात जाते. ‘हे परदेशी खूळ आहे’ म्हणणाऱ्यांनी कावेरीच्याच काठी, तिरुचिरापल्लीच्याही वर असलेल्या मुसिरीला जाऊन यावे. तिथे ‘स्कोप’ या संस्थेने असे संडास घरोघर बांधले, सार्वजनिकही बांधले, आणि तिचे संस्थापक मराची सुब्बुरामन यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एकेकाळी मुसिरीच्या सार्वजनिक संडासात वापरणाऱ्यालाच पैसे मिळत, कारण त्याने मागे ठेवलेले शेताला हवे होते.

‘पाण्याचे संडास आहेतच की’ असेही म्हणतात. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी शाळांत संडास बांधण्याची घोषणा झाली आणि वर्षभरात देशभरच्या शाळांत चार लाखांहून अधिक संडास उभे राहिले. पुढे सरकारी कंपन्यांनी बांधलेल्यांपैकी काहींची पाहणी महालेखापरीक्षकांनी केली, तेव्हा ७२ टक्क्यांत आत वाहते पाणी नव्हते. पाण्यावर चालणारा संडास पाण्याविना बांधायचा आणि कोरड्याला मागासलेला म्हणायचे, हा न्याय अजब आहे.

आता जात. आक्षेप असा: वर्षानुवर्षे लढून टोपली संडास हद्दपार केले, आणि तुम्ही मैला हाताळायची वेळ पुन्हा आणता. तो हाताळणार कोण, हे सांगायलाच नको. हा आक्षेप पोकळ नाही. सफाईच्या कामाला थोरपण चढवून त्या कामातल्या माणसाला तिथेच ठेवण्याचा डाव बाबासाहेबांनी गांधींवरच्या १९४५ च्या पुस्तकात उघडा पाडला होता. ‘सोनखत, सोनखत’ म्हणत हरखून जाणाऱ्या आपल्या पर्यावरणप्रेमींना मी आधी ते पुस्तक वाचायला सांगेन. खताचे सोने होते खरे, पण कुणाच्या हातांवर, हे ते विचारत नाहीत.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या १९९३ च्या कायद्याने जलबंद (भांड्याखाली पाणी अडून राहणारा) नसलेला प्रत्येक संडास ‘कोरडा’ ठरवून टाकला होता. २०१३ च्या कायद्याने व्याख्या बदलली: मैला पूर्ण कुजण्यापूर्वी हाताने काढावा लागतो तो संडास अस्वच्छ. म्हणजे प्रश्न पाण्याचा राहिला नाही, मुदतीचा झाला. आणि पाण्याने जात धुतली जाते, हा समज तर तामिळनाडूनेच खोटा ठरवला आहे. २०२२ च्या अखेरीस इरोड जिल्ह्यात दलित मुलांकडून शाळेचे संडास धुऊन घेतल्याबद्दल मुख्याध्यापिकेवर गुन्हा दाखल झाला. तो पाण्याचा संडास होता. सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरून मरणारी माणसेही जलबंद संडासांचीच घाण काढत असतात, आणि त्या मृत्यूंच्या सरकारी यादीत तामिळनाडू सतत वरच्या क्रमांकांवर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. ओला मैला काढायला माणूस उतरवावा लागतो. वर्षभर बंद राहिलेल्या कप्प्यातून निघते ती मातीसारखी भुसभुशीत वस्तू. नीट चालवलेला कोरडा संडास मैला हाताळणे परत आणत नाही, टाळतो. सगळा भार त्या ‘नीट’ वर आहे.

आपल्याकडे हे गांधींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी ओळखले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतले, ते नाकारले गेले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधींनी उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाला घाट दिला. लोक तो संडास लक्षात ठेवतात. माझ्या मते त्यांचे खरे काम वेगळे: खताच्या हिशेबाआधी त्यांनी हे काम जातीच्या कोठडीतून बाहेर काढले, आणि त्यासाठी आधी स्वतः हात घातले. आपण संडास उचलला आणि ती अट मागे सोडली.

म्हणून कुंभकोणमकडच्या शाळेत हे चालवायचे तर कारभार आधी ठरवावा, विटा मागाहून. प्राथमिक शाळेत शौच कमी आणि लघवी जास्त, कारण बहुतेक मुले सकाळचा विधी घरी उरकून येतात. तेव्हा खरी तजवीज बिनपाण्याच्या मुताऱ्यांची हवी, मुलामुलींच्या वेगळ्या, आणि नळ्यांत साचणारे पांढरे क्षार नियमित काढण्याची. मूत्र झाकणबंद कॅनमध्येच ठेवावे, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडते आणि वास मागे राहतो. माणूस शेताला जे नत्र परत देऊ शकतो त्यातले बहुतांश मूत्रातच असते. महिनाभर तरी साठवून, पाण्यात पातळ करून, भाताला किंवा केळीला द्यावे.

राखेची या मुलखात वाण नाही, भातगिरण्यांतून तुसाची राख ढिगाने निघते. पण ती मुख्यतः सिलिका. ओल चांगली शोषते, लाकडाच्या राखेइतकी अल्कधर्मी नसते. जंतांची अंडी सर्वांत चिवट; त्यांच्यासाठी सामू ९ च्या वर हवा, म्हणून या राखेत चुना मिसळावा. ते मिसळणे मोठ्या माणसाचे काम, मुलांच्या डोळ्यांत चुना जाता कामा नये. मुलाने करायचे ते एवढेच: डब्यातली तयार राख पळीभर टाकायची आणि हात साबणाने धुवायचे. पहिलीतले मूल मोठ्या भोकाला घाबरते, त्याला भांडे लहान हवे. अपंग मुलाला चढता यावे म्हणून पायऱ्यांशेजारी उतार हवा. बंद कप्प्याच्या दारावर बंद केल्याची तारीख रंगवावी. निदान वर्ष भरल्यावरच, आणि तेही एप्रिल-मेच्या सुट्टीत, कडक उन्हात आणि मुले शाळेत नसताना, तो उघडावा.

उघडणारा, राख भरणारा, नळ्या धुणारा माणूस पगारी असावा. हातमोजे आणि बूट त्याला फुकट मिळावेत. नेमणूक जाहीर अर्जाने व्हावी. मुलांच्या पाळ्या लावून पैसे वाचवणाऱ्या शाळेला मी स्वावलंबी म्हणणार नाही. पाळ्यांत कोणत्या वस्तीतली नावे पुन्हा पुन्हा येतात, ते वही उघडून पाहावे. कुंभकोणमला रोजच्या हलगर्जीची किंमत समजावून सांगावी लागू नये. १६ जुलै २००४ ला इथल्या शाळेतल्या स्वयंपाकघराच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली.

देणगीदारांना भिंतीवर नाव कोरायला आवडते, पगाराला पैसे द्यायला आवडत नाही. ज्या पंचायतीच्या किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या अंदाजपत्रकात त्या माणसाच्या पगाराची ओळ नाही, तिथे कोरडा संडास बांधायला मीच विरोध करेन. चार महिन्यांत राख संपेल, मूत्राची नळी तुंबेल, दोन्ही कप्पे एकदम भरतील, आणि अर्धवट कुजलेला मैला उपसायला कुणाला तरी बोलावणे जाईल. मग बाबासाहेबांच्या बाजूने बोलणारा प्रत्येक माणूस बरोबर असेल.

जिथे ती ओळ आहे तिथे मात्र हातपंपाशेजारी नवा शोषखड्डा खणू देऊ नये.