एक गल्ली पुरे!

इमर्सिव्ह सिम, म्हणजे पक्के नियम देऊन अडचणीतून वाट खेळाडूलाच शोधू देणारा गेमचा प्रकार, दर काही वर्षांनी मरतो. २००० साली लुकिंग ग्लास हा स्टुडिओ बुडाला तेव्हा तो मेला. ‘ड्यूस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’ (२०१६) आणि ‘प्रे’ (२०१७) यांच्या खपाने निराशा केली तेव्हा पुन्हा मेला. जानेवारी २०२४ मध्ये एम्ब्रेसर कंपनीने आयडॉस-मॉन्ट्रियलच्या ९७ जणांना घरी पाठवलं, होऊ घातलेला ‘ड्यूस एक्स’ गुंडाळला गेला, आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने आर्केन ऑस्टिनला टाळं लावलं. मग मृत्युलेखांना ऊत आला.

त्या लेखांमधला युक्तिवाद साधारण असा: हे गेम बनवायला महाग. एका खोलीत शिरायच्या चार वाटा तयार करायच्या आणि खेळणारा त्यातली एकच पाहणार, म्हणजे तीन वाटांचे पैसे पाण्यात. शिवाय सामान्य खेळाडूला स्वातंत्र्य नकोच असतं. त्याला बाण दाखवेल तिकडे जायचं असतं. बाजाराने कौल दिला आहे, तो मुकाट्याने मान्य करा.

मरणाची कारणं तपासली तर वेगळंच दिसतं. लुकिंग ग्लासच्या हातात ‘थीफ’सारखा चांगला खपलेला गेम होता; पैसा आटला तो इतर प्रकल्पांपायी. एम्ब्रेसरने भराभर स्टुडिओ विकत घेतले, २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरचा अपेक्षित करार फिसकटला आणि मग कुऱ्हाड जी चालली ती प्रकार बघून नव्हे. आर्केन ऑस्टिनचा शेवटचा गेम होता ‘रेडफॉल’ (२०२३): चौघांनी मिळून व्हॅम्पायर मारायचे. ‘प्रे’ घडवणाऱ्या स्टुडिओने हातोटीबाहेरचा गेम केला, तो आपटला, आणि दोष आला इमर्सिव्ह सिमच्या माथी!

‘प्रे’ खपायला हवा होता तितका खपला नाही, हे खरं. पण त्यावरून लोकांना स्वातंत्र्य नको असतं असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी २०२३ सालाकडे पाहावं. ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ तीन दिवसांत एक कोटीवर खपला. त्यात फळ्या आणि चाकं जोडून खेळाडू हवं ते यंत्र बनवतो. त्याच वर्षी ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये लोक खोकी एकावर एक रचून भिंती ओलांडत होते आणि दारूगोळ्याची पिंपं जमवून बड्या शत्रूंना उडवत होते. लेखकाने न सुचवलेला उपाय आपल्याला सुचावा, ही हौस मूठभरांची नाही.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतो, कारण तो मित्राच्या वेषात येतो. त्याचं म्हणणं, इमर्सिव्ह सिम मेला नाही, तो सगळीकडे विरघळला. गवत पेटतं, धातूवर वीज पडते, पहारेकरी आवाजाने सावध होतो. आता हे सगळ्याच गेममध्ये असतं, मग वेगळ्या प्रकाराची गरज काय?

गरज कळण्यासाठी ‘प्रे’मधलं टॅलोस-१ हे अंतराळस्थानक पाहावं. कुलूपबंद खोली आहे आणि तिच्या काचेला एक फट. आत संगणक, त्याच्या पडद्यावर दार उघडायचं बटण. तुमच्याजवळ फोमचे बाण सोडणारं खेळण्यातलं धनुष्य असतं, ज्याने कुणालाही इजा होत नाही. फटीतून नेम धरला की बाण पडद्यावरचं बटण दाबतो आणि दार उघडतं. किंवा परग्रहवासीयांची विद्या घेऊन कॉफीच्या मगाचं रूप घ्या आणि त्या फटीतून घरंगळत आत जा. पण ही नुसती कसरत नव्हे. त्या स्थानकावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नाव आहे आणि सुरक्षाकक्षातल्या संगणकावर तो कुठे आहे ते शोधता येतं. कोण कुणावर प्रेम करत होतं आणि कोण चोरून काय बनवत होतं, हे त्यांच्या मेजांवरून कळत जातं. त्याच दिवाणखान्यात तुम्ही पुन्हापुन्हा येता, दर वेळी अधिक जाणकार होऊन. ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’मधल्या हायरूलच्या माळरानावर आगीचे नियम आहेत, पण त्या माळाशी तुमचा असा घरोबा होत नाही. नियम विरघळून सगळीकडे गेले, हे ठीक. ही दाटी मात्र कुठेच गेली नाही.

आणखी एक नवं खूळ म्हणजे गप्पा मारणारी एआय पात्रं. यांच्यामुळे हा प्रकार पुन्हा उभा राहील म्हणतात. मला हे उलट्या दिशेचं वाटतं. ‘थीफ’मधला पहारेकरी मोजकंच बोलतो: काहीतरी ऐकू आलं, उंदीर असेल, जाऊ दे. त्या बडबडीतून त्याच्या डोक्यात काय चाललंय हे अंधारात दबा धरलेल्या आपल्याला कळतं. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, पाण्याच्या बाणाने मशाल विझते. हे नियम पक्के म्हणून बेत आखता येतो. पहारेकरी मनाला येईल ते बोलू आणि करू लागला तर बेत कसला आखणार? मग उरतो फक्त जुगार.

घरचा आहेर चाहत्यांनाही द्यायला हवा. हवेच्या बोगद्यातून सरपटायला मिळालं आणि पहिल्या कुलपाचा आकडा परंपरेने ठरलेला ०४५१ असला की गेम अस्सल, अशी सोवळ्याची व्याख्या यांनीच करून ठेवली आहे.

पण प्रकाराचं खरं चैतन्य आज लहान स्टुडिओंत आहे. ‘क्रूएल्टी स्क्वॉड’ (२०२१) मुद्दाम डोळ्यांना बोचेल इतका ओंगळ आहे, पण त्याच्या प्रत्येक नकाशात शिरायच्या वाटा मोजता येत नाहीत. ब्लेंडो गेम्सचा ‘स्किन डीप’ (२०२५) तर धमाल: चाच्यांनी पकडलेल्या मांजरींना सोडवायला आलेली विमा कंपनीची अनवाणी कमांडो! काच फुटली तर तिच्याच तळपायात रुतते, मिरपूड उधळली की शिंका येतात आणि शिंकेने जागा उघडी पडते. चाच्याला मारलं तरी त्याचं मुंडकं सुटून नवं धड मिळवायला निघतं, म्हणून ते संडासात टाकून फ्लश करावं लागतं. यातलं काहीही केसांचे तंतू खरेखुरे दिसण्यावर अवलंबून नाही. बड्या स्टुडिओंत वाट महाग होते ती कल्पनेमुळे नव्हे, तिच्या कडेच्या प्रत्येक खुर्चीवर चढवलेल्या मुलाम्यामुळे. मुलामा उतरवा, मग न पाहिलेल्या तीन वाटाही परवडतात.

वॉरन स्पेक्टर, ‘ड्यूस एक्स’चे कर्ते, वर्षानुवर्षं एका स्वप्नाबद्दल बोलत आले आहेत: शहरातली एकच गल्ली, पण तिच्यातलं प्रत्येक घर आणि प्रत्येक माणूस खोलवर घडवलेला. त्यांच्या हातून तो गेम अजून झालेला नाही. त्याच्या सर्वांत जवळ गेला तो कोलपावर्ड गेम्स या चिमुकल्या स्टुडिओचा ‘शॅडोज ऑफ डाउट’. त्यातल्या प्रत्येक नागरिकाला घर, नोकरी, बोटांचे ठसे आणि बुटाचं मापसुद्धा आहे. खुनी त्यांच्यातलाच एक. तो रोज कामावर जातो आणि घरी येऊन झोपतो. शहर संगणकच रचतो, त्यामुळे पुढेपुढे गुन्हे एकमेकांसारखे वाटू लागतात आणि दिवाणखाने तर फारच. टॅलोस-१ रचणाऱ्यांसारख्या हातांची तिथे उणीव भासते. असे हात आर्केन ऑस्टिनच्या बंद दाराबाहेर पडले आहेत. त्यांतल्या दहा जणांना एक गल्ली आणि तीन वर्षं द्यायला कुठल्याही प्रकाशकाला दोन अब्ज डॉलर लागणार नाहीत.