दुग्धशर्करेचा आकडा डब्यावर हवा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली, यांसी



प्रथिनांच्या भुकटीच्या प्रत्येक डब्यावर, एका मापात दुग्धशर्करा म्हणजे लॅक्टोज किती ग्रॅम आहे, हा आकडा स्वतंत्रपणे छापणे उत्पादकांस बंधनकारक करावे, एवढ्याच एका मागणीसाठी हे पत्र आहे. मागणी दिसावयास लहान आहे. परंतु लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या वतीने मी ती करीत आहे, त्यांचे शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने या एका आकड्याच्या अभावी किती क्लेशकारक होतात, हे आहारसल्लागार या नात्याने मी दीर्घकाळ पाहत आले आहे, आणि ज्या गोष्टीची तजवीज केवळ आपल्या अधिकारात आहे ती आपल्याकडेच मागावी, हे मला अधिक सरळ वाटते.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे विशेष रूढ आहेत. स्लीव्ह पद्धतीत जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. बायपास पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानसा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात, त्यामुळे अन्न आद्यांत्राला आणि त्यालगतच्या भागाला वळसा घालून एकदम पुढे जाते. दोन्हींत रुग्णाची एका वेळची ग्रहणशक्ती काही घोटांवर येते. आणि नेमक्या याच काळात, जखमा भरून याव्यात व झरझर उतरणाऱ्या वजनाबरोबर स्नायूही झिजू नयेत म्हणून, त्याला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक असते. पुष्कळांना ८० ग्रॅमपर्यंतही सांगावी लागतात. पहिले सुमारे दोन आठवडे आहार केवळ द्रव असतो. घरची माणसे मोठ्या मायेने मुगाच्या वरणावरचे पाणी पाजतात; पण डाळीतील प्रथिने बहुतांशी गाळणीवर राहिलेल्या डाळीतच असतात, त्या पाण्यात ती नाममात्र उतरतात. शस्त्रक्रियेपूर्वीही, जठरावर टेकलेले यकृत आकसावे म्हणून, अनेक शल्यचिकित्सक रुग्णाला काही दिवस अल्प उष्मांकांच्या आणि भरपूर प्रथिनांच्या आहारावर ठेवतात व त्यात एक-दोन जेवणांच्या जागी प्रथिनांचे पेयच देतात. सारांश, इतरांच्या दृष्टीने व्यायामशाळेचा शौक असलेली ही भुकटी या रुग्णाच्या दृष्टीने काही काळ अन्नच असते, आणि अन्नाच्या बाबतीत जी स्पष्टता नागरिकास कायद्याने मिळावयास हवी, ती त्याला येथेही मिळावी.

दुग्धशर्करा पचविणारे लॅक्टेज नावाचे विकर लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात, आणि त्यातही आरंभीच्या भागात विपुल, असते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांत बालपणानंतर ते ओसरत जाते, आणि आपला देश त्याला अपवाद नाही. तरीही अशा माणसांपैकी बहुतेकांना कपभर दूध त्रासावाचून सोसते, कारण धडधाकट जठर ते हळूहळू पुढे सोडते. शस्त्रक्रियेनंतर ही सवड संपते: जठर लवकर रिकामे होते, बायपासमध्ये विकराने समृद्ध असा भाग वगळला जातो, आणि न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात पोचते, तेथील जिवाणू तिचे किण्वन करून वायू निर्माण करतात. मग पोटफुगी, कळा, जुलाब. ज्याला पूर्वी दुधाचा कधीच त्रास झाला नव्हता असा माणूस या लक्षणांनी भांबावून जातो. त्याला वाटते की शस्त्रक्रियेतच काही बिघडले, किंवा प्रथिनेच आपल्याला मानवत नाहीत, आणि तो ते पेय सोडून देतो. पुढील काही महिन्यांत केस विरळ होतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, रक्तातील अल्ब्युमिन खाली येते. आतड्याला वेळ दिल्यास यांपैकी अनेकांना पुढे दही, ताक व थोडे दूध पुन्हा सोसू लागते, हेही मी पाहिले आहे. म्हणून दुधावर कायमची बंदी घालण्याचा सल्ला मी देत नाही. प्रश्न त्या अवघड महिन्यांचा आहे.

त्या महिन्यांत रुग्ण माझ्यापुढे दोन-तीन डबे मांडून विचारतो की यांतला कोणता घेऊ. उत्तर डब्यावर असावयास हवे, आणि ते तेथे नसते. दुधाच्या निवळीपासून केलेल्या, म्हणजे व्हे प्रथिनांच्या, भुकटीतच केवढा भेद आहे पाहा: ८० टक्के प्रथिनांच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये दुग्धशर्करा साधारणतः ४ ते ८ टक्के असते, तर ९० टक्के वा अधिक प्रथिने असलेल्या आयसोलेटमध्ये ती बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली येते. याउलट स्निग्धांशविरहित दूधभुकटीत निम्मा भाग दुग्धशर्करेचाच असतो, आणि औषधांच्या दुकानांत आजारी माणसांसाठी म्हणून ठेवलेल्या कित्येक चूर्णांत हीच दूधभुकटी घातलेली असते. परिणामी, तीस ग्रॅमच्या एका मापात एखाद्या डब्यातून पाव ग्रॅम दुग्धशर्करा पोटात जाते, तर दुसऱ्यातून दहा ग्रॅमच्या घरात. दोन्ही डब्यांवर मात्र मजकूर एकच, की यात दूध आहे.

आपल्या २०२० च्या लेबलिंग आणि प्रदर्शन विनियमांनी दुधाचा समावेश अधिहृषता, म्हणजे ॲलर्जी, उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत करून त्याचा उल्लेख सक्तीचा केला, ही मोठी लोकोपयोगी तरतूद झाली आणि तिच्याबद्दल प्राधिकरणाचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु ती ज्या रुग्णासाठी आहे तो निराळा. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यास अत्यल्प अंशही घातक ठरू शकतो, आणि दुग्धशर्करा पूर्णपणे काढलेली व्हे भुकटीसुद्धा त्याला वर्ज्यच असते. दुग्धशर्करा न पचणाऱ्यास मात्र प्रमाण कळणे पुरेसे असते. पोषणविषयक तक्त्यात एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा हे दोन आकडे आपण मागता. दुग्धशर्करा त्यांपैकी पहिल्यात विरघळून जाते. घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावीत हा नियम उपयुक्त खरा, पण प्रथिनांचे मिश्रण असे म्हणून कंसात कॉन्सन्ट्रेट व आयसोलेट ही दोन्ही नावे आली की त्यांचे परस्परप्रमाण कोणास कळावे?

लॅक्टोजमुक्त या दाव्याविषयीही माझे असेच म्हणणे आहे. युरोपात अर्भकांच्या कृत्रिम दुधावर हा शब्द वापरावयाचा तर १०० किलोकॅलरींमागे १० मिलिग्रॅमहून अधिक दुग्धशर्करा चालत नाही. दाव्यामागे आकडा असला म्हणजे त्याची शहानिशा करता येते. आपल्या बाजारातील प्रथिनपूरकांवर हा शब्द जेथे जेथे छापला जाईल, तेथे त्याच्या शेजारीच मोजलेला आकडाही यावा. तसेच गोडीसाठी मॅल्टिटॉल वा सॉर्बिटॉल आणि तंतूंसाठी इन्युलिन घातले असेल, तर त्यांचेही प्रमाण द्यावे. कारण हे पदार्थही आतड्यात तसेच वागतात, आणि लॅक्टोजमुक्त पेय घेऊनही पोट फुगलेला रुग्ण मग निराशेने सर्वच पेयांना दोष देतो. वनस्पतिजन्य पर्यायांत सोयाबीन किंवा वाटाणा यांची प्रथिने दुग्धशर्करेपासून अंगभूतच मुक्त आहेत आणि अनेकांना मी तीच सुचविते; परंतु कोलॅजेनला मुख्य प्रथिन म्हणून विकू देणे या रुग्णांच्या बाबतीत धोक्याचे आहे, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, आणि डब्यावरचा ग्रॅमांचा आकडा मात्र भरगच्च दिसतो.

छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको होते. परंतु केरळमधील वैद्यकांच्या पुढाकाराने झालेली आणि २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली तपासणी आपल्या दप्तरी असेलच: भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली, आणि काहींत तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने निघाली. ज्याच्या पोटात दिवसभरात मोजके घोटच मावतात, त्याच्या बाबतीत ही तूट दुसऱ्या कोणत्याही अन्नाने भरून निघत नाही. म्हणून दुग्धशर्करेचा आकडा नियमात येईल तेव्हा राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनांकडून बाजारातील नमुने उचलून तो पडताळण्याची तरतूदही त्याच हुकुमात असावी.

ही माहिती उत्पादकांस नव्याने मिळवावी लागणार नाही. आयसोलेट विकत घेणारा कारखानदार पुरवठादाराकडून त्याचे विश्लेषण मागवितोच. खर्च वाढेल तो शाईचा. उलट रुग्णाचा पैसा वाचेल, कारण आज खात्री नसल्यामुळे मी ज्यांना महागडे आयसोलेट घ्यावयास सांगते, त्यांपैकी काहींना मध्यम प्रतीचे कॉन्सन्ट्रेट पाण्यात कालवून सहज सोसले असते. (पाण्यात, हे मुद्दाम लिहिते, कारण उत्तम आयसोलेट पेलाभर दुधात घालून पिणाऱ्यांना त्या दुधातूनच दहा ग्रॅम दुग्धशर्करा मिळते, आणि तशी कृती डब्यावर खुद्द उत्पादकांनीच छापलेली असते. शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावरून तरी ती काढावयास लावावी.)

२००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियमाच्या ९२ व्या कलमान्वये असे विनियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. तो मसुदा याच वर्षी निघावा, आणि हरकती व सूचनांच्या मुदतीत शल्यचिकित्सकांबरोबरच रुग्णालयांतील आहारतज्ज्ञांचे व शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचेही म्हणणे मराठीसह भारतीय भाषांतून स्वीकारले जावे, अशी विनंती आहे. मापे, नमुने आणि रुग्णांच्या आहाराच्या नोंदी, नावे वगळून, सादर करण्यास माझ्यासारखे अनेकजण तयार आहेत.

कळावे,

आपली,
एक आहारसल्लागार
पुणे