मधपेट्या घेण्याआधी दोन रिकाम्या पेट्या मांडून बघा

‘मधाचं गाव’ हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, पुढे भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचं नाव झालं. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान मिळतं. मग वसाहतींसकट एकदम दहा पेट्या घ्यायच्या का? आमचं मत, नको. उरलेले ५० टक्के तुमच्या खिशातले असतात. माश्या उडून गेल्या की हातात नुसतं लाकूड राहतं.

डोंगरभागात पेटीत राहणारी आपली माशी म्हणजे सातेरी. झाडाची ढोली, वारूळ, जुनी भिंत अशा अंधाऱ्या जागी ती शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते. कड्याला, उंच फांदीला किंवा पाण्याच्या टाकीला उघड्यावर एकच मोठं पोळं लटकलेलं दिसलं तर ती आग्या. ती पेटीत राहत नाही. तिच्या नादी लागू नका, तिच्या हल्ल्यात माणसं दगावली आहेत.

शिवार फुललं की सातेरीच्या घरात गर्दी होते. जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन बाहेर पडते आणि थवा एखाद्या फांदीला घोसासारखा लटकतो. तेवढ्यात काही माश्या नवी जागा हुडकत फिरतात. तुमची पेटी त्याआधीच मांडलेली हवी. आतून जुनं मेण चोळा, ताज्या रंगाची पेटी नको. गवती चहाची पात ठेचून चोळली तरी उपयोग होतो, कारण माश्या एकमेकींना बोलवायला जो वास सोडतात त्याच्याशी तो जुळतो. पेटी सावलीत, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा. मधूनमधून उघडून मुंग्या, पाली, मेणकिडा काढा.

दाराशी दोन-चार माश्या घुटमळल्या म्हणजे त्या फक्त घर बघायला आल्यात. पायाला परागाचे गोळे लावून आत जायला लागल्या, तर बहुधा राणीनं अंडी घातलीत. लगेच पेटी उचलून घरामागे आणायची घाई नको. दोन-तीनशे मीटरवर हलवली तर बाहेर पडलेल्या माश्या जुन्याच जागी जातात. म्हणून जिथे कायम ठेवायची, शक्यतो तिथेच मांडा.

आणि हंगामभर कोणीच आलं नाही तर? जागा चुकली असेल, म्हणून तर दोन ठिकाणी मांडायच्या. पण दोन्ही रिकाम्या राहिल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सातेरी दिसत नसेल, तर थांबा. ढोलीची जुनी झाडं तुटलीत का, मधासाठी पोळी जाळली जातात का, फुलावर आलेल्या पिकावर भरदुपारी फवारणी होते का, हे बघा. त्याच शिवारात विकतच्या वसाहती आणून सोडल्या तर त्या तरी काय खाणार?

(कांदा बियाण्यासाठी भाड्यानं पेट्या नेणाऱ्यांचं गणित वेगळं. ते फुलोऱ्यामागे फिरतात.)

माश्या आल्या तर पहिल्या वर्षी मधाला हात लावू नका. खरी कसोटी पावसाळ्यात लागते. झड लागली की माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि उपाशी वसाहत पेटी सोडून जाते. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. आणि बांधाशेजारच्या शेतकऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा, फवारणी संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर करा म्हणून.